वीर्य, पुड्या आणि र. धों. कर्वे

मूल हवे असताना पुरुषाने अश्वगंधा, सफेद मुसळी, गोखरू, शिलाजित असे काही घेतले तर फायदा होतो की तोटा? हा प्रश्न सरकारी रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात मोठ्याने क्वचितच विचारला जातो. तपासणी संपते, बायको औषधाच्या खिडकीकडे जाते आणि मग नवरा दोन पावले मागे येऊन हळूच विचारतो. चाकण, महाळुंगे, भोसरी, तळवडे या पट्ट्यात तीन पाळ्यांत राबणारी अशी तरुण जोडपी आम्ही रोज पाहतो. मराठवाड्यातून, विदर्भातून, खानदेशातून आलेली, एका खोलीत संसार मांडलेली. लग्नाला दोन-तीन वर्षे झाली की गावाकडून फोन सुरू होतात आणि खिशात कुठली तरी पुडी येते.

या प्रश्नाचे उत्तर देण्याआधी एका माणसाची ओळख करून द्यायची आहे. असे प्रश्न पत्राने विचारता यावेत आणि त्यांची सरळ उत्तरे छापून यावीत, अशी सोय या माणसाने महाराष्ट्रात केली. त्यासाठी तो कोर्टात उभा राहिला आणि त्याने दंडही भरला. तो डॉक्टर नव्हता, वैद्यही नव्हता. तो गणिताचा प्राध्यापक होता. त्यांचे नाव रघुनाथ धोंडो कर्वे.

बाळंतपणात गेलेली आई

रघुनाथरावांचा जन्म १४ जानेवारी १८८२ रोजी झाला. गाव मुरूड, रत्नागिरी जिल्ह्यातल्या दापोली तालुक्यातले. वडील धोंडो केशव कर्वे, ज्यांना पुढे सारा देश महर्षी म्हणून ओळखू लागला. रघुनाथ नऊ वर्षांचा असताना, १८९१ मध्ये, त्याची आई राधाबाई बाळंतपणात गेली. त्या काळी ही गोष्ट जगावेगळी नव्हती. घरोघरी अशी एखादी आई गेलेली असायची आणि तिच्या मृत्यूला नशिबाचे नाव दिले जायचे.

दोन वर्षांनी अण्णासाहेबांनी पंडिता रमाबाईंच्या शारदासदनातल्या गोदूबाई या विधवेशी पुनर्विवाह केला. मुरूडच्या मंडळींनी कुटुंबावर बहिष्कार घातला. समाजाला न रुचणारी गोष्ट केली की काय किंमत मोजावी लागते, हे या मुलाने अशा रीतीने घरातच पाहिले. किंमत मोजूनही काम चालू ठेवता येते, हेही त्याने तिथेच पाहिले.

शाळा पुण्याची, न्यू इंग्लिश स्कूल. १८९९ च्या मॅट्रिकच्या परीक्षेत रघुनाथ पहिला आला. फर्ग्युसन कॉलेजातून १९०४ मध्ये बी. ए. झाला. विषय गणित. पुढे तो गणिताचा प्राध्यापक झाला आणि पहिल्या महायुद्धानंतर गणिताच्याच वरच्या अभ्यासासाठी पॅरिसला गेला. फ्रेंच भाषा त्याने चांगली अवगत केली होती, त्यामुळे इंग्रजीबरोबर फ्रेंचमधले शरीरशास्त्राचे आणि कामशास्त्राचे लेखनही त्याला मुळातून वाचता आले. गणितातली शिस्त त्याने या विषयाला लावली. एखादे विधान कोणी थोराने केले आहे म्हणून मानायचे नाही, पुरावा मागायचा.

हा काळही लक्षात घेण्यासारखा आहे. वीर्याबद्दलच्या भाबड्या कल्पना फक्त आपल्याकडेच होत्या असे नाही. त्याच सुमारास, १९२० पासून, पॅरिसमध्ये सर्ज व्होरोनॉफ नावाचा शल्यविशारद माकडाच्या वृषणाचे काप माणसाच्या वृषणावर बसवून तारुण्य परत आणण्याचे आश्वासन देत होता आणि श्रीमंत लोक त्यासाठी रांगा लावत होते. पुढे ते सारे फोल ठरले. आपल्याकडे माकडाऐवजी मुळ्या, भस्मे आणि गोळ्या होत्या. दोन्हीकडे विकली जात होती ती भीतीच.

दवाखाना आणि राजीनामा

१९२१ मध्ये कर्व्यांनी मुंबईत संततिनियमनाचा दवाखाना सुरू केला. भारतातला तो पहिला. त्याच वर्षीच्या मार्चमध्ये लंडनला मेरी स्टोप्स यांनी आपला दवाखाना उघडला होता. म्हणजे या बाबतीत मुंबई लंडनच्या मागे नव्हती. कर्व्यांना पत्नी मालतीबाईंची साथ होती. दोघांनी स्वतःला मूल होऊ द्यायचे नाही असे विचारपूर्वक ठरवले आणि ते पाळले. मूल ही नवरा-बायकोने ठरवून घ्यायची गोष्ट आहे, हे ते लोकांना सांगत होते आणि स्वतःही तसेच जगत होते.

कर्वे तेव्हा मुंबईच्या विल्सन कॉलेजात शिकवत. मिशनऱ्यांच्या त्या संस्थेला प्राध्यापकाचा हा उद्योग मानवला नाही. प्रचार थांबवायचा की नोकरी सोडायची, असा प्रश्न उभा राहिल्यावर कर्व्यांनी नोकरी सोडली. पुढचे सारे आयुष्य पैशाच्या ओढाताणीत गेले.

त्यांची पुस्तके याच काळातली. संततिनियमनावरचे पुस्तक १९२३ मध्ये आले. गुप्तरोगांपासून बचाव कसा करावा यावर त्यांनी वेगळे पुस्तक लिहिले. ‘आधुनिक कामशास्त्र’ १९३४ मध्ये प्रसिद्ध झाले.

संततिनियमन करणाऱ्या माणसाचे नाव मूल हवे असलेल्यांनी कशाला घ्यायचे, असे कोणी विचारील. गर्भ कसा राहतो हे कळल्याशिवाय तो कसा टाळायचा हे कळत नाही. म्हणजे दोन्हीचे ज्ञान एकच. याचे एक चांगले उदाहरण कर्व्यांच्याच काळातले आहे. जपानमधले ओगिनो आणि ऑस्ट्रियातले क्नाउस यांनी १९२० च्या दशकात स्वतंत्रपणे दाखवून दिले की स्त्रीबीज पुढच्या पाळीच्या सुमारे दोन आठवडे आधी बाहेर पडते. तोवर गर्भ राहण्याचे दिवस नेमके कोणते याबद्दल डॉक्टरांचेही अंदाज चुकत होते. या एकाच शोधाचा उपयोग मूल नको असणाऱ्यांनी ते दिवस टाळण्यासाठी केला आणि मूल हवे असणाऱ्यांनी ते दिवस साधण्यासाठी. आजही रात्रपाळीच्या चक्रात अडकलेल्या अनेक जोडप्यांची खरी अडचण एवढीच असते की त्या चार-पाच दिवसांत दोघे एकत्र नसतात. त्यावर कुठलीच पुडी चालत नाही.

‘समाजस्वास्थ्य’ची प्रश्नोत्तरे

१५ जुलै १९२७ रोजी ‘समाजस्वास्थ्य’ या मासिकाचा पहिला अंक निघाला. लेखन, संपादन आणि व्यवहार यांचा बहुतेक भार एकट्या कर्व्यांवर. हे मासिक त्यांच्या मृत्यूपर्यंत, म्हणजे २६ वर्षे चालले. त्यात लैंगिक आरोग्य होते, गुप्तरोग होते, स्त्रीच्या सुखाचा हक्क होता, आहार होता. आणि वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे होती.

या प्रश्नांमागे काय होते ते आजच्या वाचकाला समजावून सांगावे लागत नाही, कारण ते अजून गेलेले नाही. चाळीस थेंब रक्तापासून वीर्याचा एक थेंब होतो, तो गेला की ताकद गेली, हस्तमैथुनाने माणूस खंगतो, झोपेत वीर्य गेले की मूल होत नाही, अशा समजुतींनी पिढ्यान्‌पिढ्या तरुणांची झोप उडवली. त्या काळची वर्तमानपत्रे शक्तिवर्धक आणि वीर्यवर्धक औषधांच्या जाहिरातींनी भरलेली असत. दुसऱ्या बाजूला ब्रह्मचर्याचा आग्रह धरणारे थोर लोक होते. गांधीजींचाही कृत्रिम साधनांना विरोध होता आणि संयम हाच मार्ग, असे त्यांचे मत होते. डिसेंबर १९३५ मध्ये अमेरिकेच्या मार्गारेट सँगर वर्ध्याला येऊन त्यांच्याशी बोलल्या, तरी त्यांचे मत बदलले नाही. कर्व्यांचे म्हणणे याच्या उलट होते. वीर्य साठवल्याने ताकद वाढत नाही आणि गेल्याने कमी होत नाही, असे ते निःसंकोच सांगत.

शरीरशास्त्र कर्व्यांच्या बाजूचे आहे. वीर्यातला बहुतांश भाग हा प्रोस्टेट आणि वीर्यकोश या ग्रंथींचा स्राव असतो. शुक्राणूंचा वाटा अगदी थोडा. वीर्य रक्तापासून गाळून निघत नाही आणि ते दाट की पातळ यावरून शुक्राणू किती आहेत हे डोळ्यांना कळत नाही. वृषणात शुक्राणू रोज कोट्यवधींच्या संख्येने तयार होत असतात. एका शुक्राणूला सुरुवातीपासून पूर्ण तयार होऊन बाहेर पडेपर्यंत सुमारे अडीच ते तीन महिने लागतात. ही मुदत लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडणार आहे.

प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवरून खटला

१९३१ मध्ये ‘व्यभिचाराचा प्रश्न’ या लेखावरून कर्व्यांवर अश्लीलतेचा खटला झाला आणि १०० रुपये दंड झाला. १९३४ मधला दुसरा खटला आपल्या विषयाच्या अधिक जवळचा आहे. तो वाचकांच्या प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवरून होता. हस्तमैथुन आणि समलिंगी संबंध यांविषयी लोकांनी विचारले, कर्व्यांनी आपल्या माहितीप्रमाणे उत्तर दिले आणि सरकारने ते अश्लील ठरवले.

मुंबई उच्च न्यायालयात कर्व्यांची बाजू मांडायला उभे राहिले डॉ. बाबासाहेब आंबेडकर. लैंगिक विषयावर लिहिलेले सगळेच अश्लील नसते, आणि लोकांच्या मनात विकृत कल्पना असतील तर त्या ज्ञानानेच जातील, असा त्यांच्या युक्तिवादाचा रोख होता. खटला हरला. २०० रुपये दंड झाला. पण आंबेडकरांनी हा विषय तिथे सोडला नाही. १९३८ मध्ये त्यांच्या स्वतंत्र मजूर पक्षातर्फे मुंबई विधिमंडळात संततिनियमनाचा ठराव मांडला गेला. तोही फेटाळला गेला.

दंड भरून कर्वे पुन्हा उत्तरे लिहायला बसले. मालतीबाई त्यांच्या आधी गेल्या. देशाचा कुटुंबनियोजनाचा सरकारी कार्यक्रम १९५२ मध्ये सुरू झाला, तेव्हा कर्व्यांच्या दवाखान्याला तीन दशके उलटली होती. पुढच्याच वर्षी, १४ ऑक्टोबर १९५३ रोजी, कर्वे गेले. नोव्हेंबर १९५३ चा अंक हा मासिकाचा शेवटचा ठरला. वडील अण्णासाहेब त्यानंतरही नऊ वर्षे होते. त्यांना १९५८ मध्ये भारतरत्न मिळाले. मुलाच्या कामावर ‘ध्यासपर्व’ हा चित्रपट निघाला तो २००१ मध्ये.

त्यांच्या मृत्यूनंतरच्या दोन घटना

पहिली घटना आपल्या पिंपरीची. १९५४ मध्ये इथे हिंदुस्तान अँटिबायोटिक्स हा कारखाना स्थापन झाला आणि १९५५ मध्ये पेनिसिलिन तयार होऊ लागले. सार्वजनिक क्षेत्रातली ही देशातली पहिली औषध कंपनी. कर्वे ज्या गुप्तरोगांपासून बचाव शिकवत होते, त्यांतला परमा हा रोग शुक्राणू वाहून नेणाऱ्या नळ्या बंद करून पुरुषाला मूल होण्यापासून कायमचा रोखू शकतो. त्यावर आणि उपदंशावर त्या काळी उत्तम चालणारे औषध पिंपरीत बनू लागले. वेळेवर निदान आणि नेमके औषध मिळाले तर पुरुषाची जननक्षमता वाचते, याचा हा आपल्या दारातला पुरावा.

दुसरी घटना कायद्याची. १९५४ मध्ये संसदेने औषधे आणि चमत्कारी उपचारांच्या आक्षेपार्ह जाहिरातींना बंदी करणारा कायदा केला. कामसुखाची क्षमता वाढवण्याचा दावा करणारी औषधाची जाहिरात त्यानुसार गुन्हा आहे. ज्या आजारांच्या उपचारांची जाहिरात करायची नाही, त्यांची यादी कायद्याला जोडलेली आहे. त्या मूळ यादीत नपुंसकत्व आहे आणि स्त्रियांचे वंध्यत्व आहे. पुरुषांचे वंध्यत्व मात्र नाही. कायदा लिहिणाऱ्यांनाही मूल न होणे हा बाईचाच दोष वाटला असावा. प्रत्यक्षात मूल न होणाऱ्या जोडप्यांपैकी सुमारे निम्म्या ठिकाणी पुरुषाकडचे कारण एकट्याने किंवा बायकोकडच्या कारणाबरोबर असते.

आता पुडीकडे

कर्व्यांच्या रीतीने विचारायचे तर प्रश्न असा : या वनस्पतींनी शुक्राणू वाढतात याला पुरावा काय आणि त्यांनी नुकसान होत नाही याला पुरावा काय?

अश्वगंधेबद्दल थोडा पुरावा आहे. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका भारतीय चाचणीत शुक्राणू कमी असलेल्या ४६ पुरुषांपैकी काहींना ९० दिवस अश्वगंधेच्या मुळाचा अर्क रोज ६७५ मिलिग्रॅम दिला आणि काहींना तसेच दिसणारे निष्क्रिय औषध. अर्क घेणाऱ्यांची शुक्राणूंची संख्या सरासरी १६७ टक्क्यांनी वाढली. आकडा मोठा दिसतो. पण माणसे अवघी ४६, त्यांत प्रत्यक्ष अर्क घेणारे २१. शिवाय मोजले गेले ते शुक्राणू. घरात बाळ आले का, हे त्यातून सिद्ध होत नाही.

हा फरक किती महत्त्वाचा असतो ते जस्त आणि फॉलिक ॲसिडच्या उदाहरणावरून कळेल. पुरुषांसाठीच्या बहुतेक गोळ्यांत ही दोन द्रव्ये असतात. आधीच्या लहान अभ्यासांत ती गुणकारी वाटली होती. मग अमेरिकेत २३७० जोडप्यांवर मोठी चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २०२० मध्ये आले. गोळी घेणाऱ्यांत आणि न घेणाऱ्यांत ना शुक्राणूंमध्ये लक्षणीय फरक पडला, ना बाळे जास्त झाली. पोटाच्या तक्रारी मात्र गोळीवाल्यांत जास्त होत्या. लहान चाचणीवर घर बांधू नये ते यासाठी.

आता तोट्याची बाजू. वनस्पती आहे म्हणजे निर्धोक, हे वाक्य आपण रोज ऐकतो. चीनमधली गोष्ट त्याला उत्तर आहे. काही खेड्यांत न शुद्ध केलेले सरकीचे तेल खाण्यात आले आणि तिथे मुले होणे थांबले. त्या तेलातले गॉसिपॉल हे द्रव्य कारणीभूत निघाले. १९७० च्या दशकात चिनी शास्त्रज्ञांनी ते आठ हजारांहून अधिक पुरुषांना गर्भनिरोधक म्हणून देऊन पाहिले. शुक्राणू जवळजवळ नाहीसे झाले. पण काहींच्या रक्तातले पोटॅशियम धोकादायक पातळीपर्यंत उतरले आणि काहींचे शुक्राणू औषध थांबवल्यावरही परत आले नाहीत. (आपल्याकडे मिळणाऱ्या रिफाइन्ड सरकी तेलातले गॉसिपॉल काढलेले असते, त्याची धास्ती नको.)

आपल्याकडेही याच दिशेने संशोधन झाले आहे. कडुनिंबाच्या अर्कापासून शुक्राणू मारणारे गर्भनिरोधक बनवण्याचे काम दिल्लीत डॉ. जी. पी. तलवार यांच्या गटाने केले. जयपूरच्या शास्त्रज्ञांनी पपईच्या बियांच्या अर्काने वानरांचे शुक्राणू थांबवून दाखवले. अमेरिकेत लोमा लिंडा विद्यापीठात १९९९ मध्ये काही लोकप्रिय वनस्पतींच्या द्रावणात मानवी शुक्राणू ठेवून पाहिले, तेव्हा सेंट जॉन्स वर्ट या वनस्पतीच्या द्रावणात त्यांची हालचाल थांबली, आणि गिंको व एकिनेशिया जास्त प्रमाणात असताना शुक्राणूंच्या कामात बिघाड दिसला. काचेच्या बशीतले निष्कर्ष जसेच्या तसे शरीराला लागू होत नाहीत. पण एक गोष्ट स्पष्ट आहे. ज्या वनस्पतीत शुक्राणूंवर परिणाम करण्याची ताकद आहे, तिच्यात तो बिघडवण्याचीही ताकद असू शकते. ती कुठल्या बाजूला झुकेल हे वनस्पती, मात्रा आणि माणूस यांवर ठरते.

अश्वगंधाही सर्वस्वी निरुपद्रवी नाही. तिच्यामुळे यकृताला सूज आल्याच्या आणि थायरॉइडची पातळी वाढल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. डेन्मार्कने २०२३ मध्ये तिच्यावर बंदी घातली. गर्भारपणात ती घेऊ नये. ही सूचना इथे मुद्दाम देतो, कारण नवऱ्यासाठी आणलेली पुडी दोघांनी मिळून घेण्याची पद्धत घरोघरी आहे आणि बायकोला दिवस गेले आहेत हे पहिले काही आठवडे कळतही नाही.

यापेक्षा मोठा धोका पुडीवर न लिहिलेल्या गोष्टींचा. इंटरनेटवर विकल्या जाणाऱ्या १९३ आयुर्वेदिक औषधांची तपासणी २००८ मध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हा सुमारे २१ टक्के औषधांत शिसे, पारा किंवा आर्सेनिक आढळले. शिसे शुक्राणूंचे उघड वैरी आहे. पुरुषांच्या ताकदीच्या नावाने विकल्या जाणाऱ्या ‘हर्बल’ गोळ्यांत सिल्डेनाफिल, म्हणजे व्हायग्रातले रसायन, लपवून मिसळल्याचे अमेरिकेच्या औषध प्रशासनाने वारंवार पकडले आहे. हृदयविकारासाठी नायट्रेटची गोळी घेणाऱ्याच्या ते जिवावर बेतू शकते. आणि जिममध्ये मिळणाऱ्या इंजेक्शनांत किंवा पावडरींत टेस्टोस्टेरॉन किंवा त्याच्या जातीचे स्टेरॉइड असेल तर दंड फुगतात आणि शुक्राणू आटतात. बाहेरून हे हार्मोन मिळू लागले की मेंदू वृषणांना काम थांबवायचा निरोप देतो. बाप होण्यासाठी ताकद कमवायला जावे आणि नेमके उलटे घडावे, असे हे आहे.

हे आयुर्वेदाच्या विरोधात लिहिलेले नाही. वाजीकरण हे आयुर्वेदाच्या आठ अंगांपैकी एक आहे आणि चरकसंहितेत त्याला स्वतंत्र अध्याय आहे. पण तिथे आधी रोगी तपासला जातो, शरीराची शुद्धी केली जाते आणि मग वैद्य औषध ठरवतो. ओळखीच्या माणसाने पाठवलेली पुडी सहा महिने खाणे याला चरकही वाजीकरण म्हणणार नाही. अश्वगंधा घ्यायचीच असेल तर पदवीधर वैद्याकडून, निदान करून, परवानाधारक कंपनीची घ्या आणि आपल्या डॉक्टरांना सांगून घ्या.

आधी मोजा

पुड्यांचे सर्वांत मोठे नुकसान मात्र रसायनाचे नाही, वेळेचे आहे. नवरा गुपचूप वर्षभर चूर्ण घेतो, तपासणी एकट्या बायकोची होत राहते. तिच्या सोनोग्राफी होतात, तिला इंजेक्शने दिली जातात, सासरचे बोलणे तीच ऐकते. इकडे तिचे वय पुढे सरकते, आणि पस्तिशीनंतर तिची गर्भ राहण्याची शक्यता झपाट्याने उतरत जाते. नवऱ्याच्या वीर्याची एक साधी तपासणी पहिल्या महिन्यात झाली असती तर हे वर्ष वाचले असते.

तपासणीला जाताना दोन ते सात दिवस संबंध आणि हस्तमैथुन टाळायचे. नमुना प्रयोगशाळेतच द्यावा, घरून आणायचा असेल तर तासाभरात पोहोचवावा. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या पुस्तिकेप्रमाणे एका मिलिलिटरमध्ये १ कोटी ६० लाख शुक्राणू ही खालची मर्यादा धरली जाते. आकडा त्याखाली आला म्हणजे बाप होणे अशक्य असे नाही आणि वर आला म्हणजे खात्री असेही नाही. अहवाल बिघडलेला असेल तर काही आठवड्यांनी पुन्हा तपासावे. एक ताप येऊन गेला तरी पुढचे दोन-तीन महिने आकडा घसरतो.

शुक्राणू कमी निघाले तर कारण शोधायचे. वृषणाभोवतीच्या शिरा फुगलेल्या असतात, त्यावर शस्त्रक्रिया होते. जंतुसंसर्ग असतो, त्यावर औषध असते. हार्मोनचा दोष असतो, मधुमेह असतो. कारण सापडले की उपचार नेमका होतो.

आणि आपल्या पट्ट्यातली कारणे वेगळी सांगायला हवीत. वृषणे शरीराबाहेर असतात ती थंड राहण्यासाठी. शुक्राणूंना शरीराच्या तापमानापेक्षा दोन-तीन अंश कमी लागतात. भट्टीसमोर किंवा फोर्जिंगच्या हातोड्याजवळ आठ तास उभा असणारा कामगार, दिवसभर ट्रकच्या तापलेल्या सीटवर बसणारा चालक, बॅटरीच्या कामात शिशाशी संबंध येणारा कारागीर, यांनी डॉक्टरांना आपले काम काय आहे ते आवर्जून सांगावे. कारखान्यात दिलेली संरक्षक साधने वापरावीत, सुट्टीत उष्णतेपासून दूर जावे, घट्ट जीन्स टाळावी. तंबाखू, गुटखा, मावा, सिगारेट आणि दारू सोडावी. पाळी कुठलीही असो, झोप पुरी करावी. याचा परिणाम दिसायला अडीच-तीन महिने जातात, कारण नवा शुक्राणू तयार व्हायलाच तेवढा वेळ लागतो. आठ दिवसांत फरक दाखवतो म्हणणाऱ्याला शुक्राणूचे हे वेळापत्रकच ठाऊक नाही, असे खुशाल समजा.

वर्षभर नियमित संबंध असूनही दिवस राहिले नाहीत, किंवा बायकोचे वय ३५ च्या पुढे असताना सहा महिने झाले, तर दोघांनी मिळून यावे. येताना चालू असलेल्या सगळ्या गोळ्या, चूर्णे आणि पावडरी पिशवीत घालून आणाव्यात. त्यावरून कोणी रागावणार नाही. रघुनाथरावांनी उत्तर द्यायची किंमत कोर्टात दंड भरून चुकवली. आज विचारायला ना दंड आहे ना खटला. तेव्हा बायकोला औषधाच्या खिडकीकडे पाठवून मग विचारू नका. ती शेजारी बसलेली असतानाच विचारा, कारण उत्तर दोघांनाही हवे आहे.